पिशाच्चाला वेगळा आवाज नको

'ड्रॅक्युला' या कादंबरीचा बराच मोठा भाग कुणी लिहिलेलाच नाही, तो बोललेला आहे. ब्रॅम स्टोकरचा डॉक्टर सेवर्ड वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख. तो आपली रोजनिशी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. कादंबरी आली १८९७ साली. एडिसनच्या यंत्राला तेव्हा वीस वर्षं झाली होती. पुढे मीना हार्कर ती नळकांडी ऐकते आणि हलून जाते. मजकूर भयंकर आहेच, पण त्या माणसाच्या आवाजातलं दुःख तिला सोसवत नाही. पुन्हा कुणाच्या कानावर ते पडू नये म्हणून ती सगळं टाइप करून काढते. नंतर काउंट ड्रॅक्युला येऊन नळकांडी जाळून टाकतो. वाचकाच्या हाती उरते ती मीनाची टाइप केलेली प्रत.

ऑडिओबुक करणारा कलावंत हा जळालेला आवाज परत आणायला बसलेला असतो. पिशाच्चकथांच्या ध्वनिमुद्रणाची आजची अवस्था मला याच कसोटीवर बघावीशी वाटते.

हा विषय आमच्या एका बैठकीत निघाला. ऑडिबलनं २०१२ साली काढलेलं 'ड्रॅक्युला' सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पहिला पेग संपायच्या आत एकानं तक्रार मांडली. "अरे, पंधरा तास ऐकलं मी. त्यात ड्रॅक्युलाला स्वतःचा नट नाही! त्याला एक खणखणीत आवाज नको होता का?" नाटकात काम करणारी मैत्रीण त्याला म्हणाली, "कादंबरीत तरी त्याची रोजनिशी कुठेय? त्याचं बोलणं आपल्याला दुसऱ्याच्याच तोंडून कळतं ना?" त्यावर जो वाद पेटला तो शेंगदाणे दोनदा मागवून झाले तरी चालूच होता.

माझं मत मैत्रिणीच्या बाजूनं आहे. साडेतीनशे-चारशे पानांच्या त्या पुस्तकात काउंटच्या हातची एखाद-दुसरी चिठ्ठी सोडली, तर तो स्वतः काहीच सांगत नाही. तो दिसतो तो घाबरलेल्या साक्षीदारांच्या नजरेतून, ऐकू येतो तो त्यांच्या आठवणीतून. भीतीचा उगम तिथेच आहे. ऑडिबलच्या निर्मितीत सायमन व्हान्स मीनाचा नवरा जोनाथन हार्कर वाचतो आणि किल्ल्यातला काउंटही त्याच्याच तोंडून बोलतो. हार्करनं तो आवाज ऐकला, मनात साठवला आणि लघुलिपीत उतरवला, हे त्यामुळे कानाला पटतं. अॅलन कमिंगचा सेवर्ड तर मला या सगळ्या प्रकल्पाचा कणा वाटतो. रात्री खोलीत एकटा माणूस यंत्राशी बोलतोय, ऐकणारं कुणी नाही, म्हणून तो मोकळा होतोय, ही जाणीव त्याच्या वाचनात सतत आहे. टिम करीचा व्हॅन हेल्सिंग मात्र मला खटकतो. नट मोठा, पण त्या डच प्रोफेसरची मोडकी इंग्रजी इतकी रंगवली आहे की मीनाच्या मैत्रिणीच्या, लुसीच्या मृत्यूपाशीही माझं लक्ष उच्चारांकडे गेलं.

काउंटला वेगळा नट लागत नाही, हे रेडिओवाल्यांना आधीच कळलं होतं. ऑर्सन वेल्सनं ११ जुलै १९३८ रोजी आपल्या 'मर्क्युरी थिएटर'ची रेडिओमालिका सुरू केली ती 'ड्रॅक्युला'नंच. तासाभराचं ते नभोनाट्य. त्यात सेवर्ड आणि काउंट या दोन्ही भूमिका वेल्सनं स्वतः केल्या. शिकारी आणि शिकार यांचा आवाज एकाच गळ्यातून निघतो, आणि नकळत ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मंगळवासीयांच्या स्वारीचं त्याचं गाजलेलं नभोनाट्य त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातलं. त्या गाजावाजात हे काम झाकलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

इंग्रजी पिशाच्चकथा मुळात मित्रांच्या बैठकीतच जन्मली, हेही इथे सांगायला हवं. १८१६चा जून, जिनिव्हा सरोवराकाठचा व्हिला दिओदाती, बाहेर न थांबणारा पाऊस. बायरन, शेली, मेरी, क्लेअर आणि बायरनचा तरुण डॉक्टर पोलिदोरी एकमेकांना भुताच्या गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवत होते. एका रात्री बायरननं कोलरिजची कविता म्हटली आणि शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला, अशी नोंद पोलिदोरीच्या रोजनिशीत आहे. तिथे ना संगीत होतं ना दाराची करकर. ओळखीच्या माणसाचा आवाज पुरला. पोलिदोरीची 'द व्हॅम्पायर' ही कथा त्याच उन्हाळ्याची देणगी, १८१९मध्ये छापली गेली ती चुकून बायरनच्या नावावर. खुद्द 'ड्रॅक्युला'चंही पहिलं वाचन मोठ्यानंच झालं. पुस्तक बाजारात यायच्या आठवडाभर आधी, १८ मे १८९७ला, लंडनच्या लायसियम थिएटरात नटांनी ते तासन् तास वाचलं. निमित्त रंगभूमीचे हक्क राखण्याचं, पण ही गोष्ट छापील पुस्तकाच्या आधी कानावर पडली, हे खरं.

अलीकडच्या प्रयोगांत 'री: ड्रॅक्युला' हे २०२३चं पॉडकास्ट मला सगळ्यात विचारी वाटतं. कादंबरीतल्या नोंदी ३ मेपासून सुरू होतात. त्या ज्या तारखेच्या, त्याच तारखेला तो तो भाग प्रसारित करायचा, अशी त्याची रचना. हार्कर किल्ल्यात अडकल्यावर मधले दिवस काहीच येत नाही. ऐकणाऱ्याला खरोखर वाट बघावी लागते, आणि ती वाट बघणं म्हणजेच कथा. आमच्यातला एक मित्र सगळं दीडपट वेगानं ऐकतो. त्याला मी हेच सांगत होतो: गोष्ट कळेल रे, पण तिचा श्वास निघून जाईल.

मराठीकडे वळलं की मन खट्टू होतं, कारण आपल्याकडे भांडवल कमी नव्हतं. व. पु. काळ्यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी घराघरांत वाजल्या. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव माणसं नुसत्या आवाजावर बसवून ठेवली. आकाशवाणीच्या श्रुतिकांनी पावलांचा आवाज कधी द्यायचा आणि कधी गिळायचा, हे शिकवलं. कोकणात मुंज्याची, हडळीची गोष्ट सांगणारी आजी आवाज चढवत नाही, उतरवते. २०१७ला स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठी ऑडिओबुकला बाजारही मिळाला आणि भयकथाकार नारायण धारप पुन्हा नव्या पिढीच्या कानी लागले, ही आनंदाची गोष्ट.

पण भयकथा म्हटली की आपले बरेच निर्माते घाबरतात, कथा पुरणार नाही म्हणून. मग पहिल्या वाक्यापासून ढगांचा गडगडाट, कोल्हेकुई, घुमणारा आवाज आणि मागे न थांबणारं संगीत. यूट्यूबवरच्या भयकथांत तर निवेदक पहिल्याच वाक्यात घोगरा होतो. पुढे जायला त्याला जागाच उरत नाही. धारपांना हे सगळ्यात कमी मानवतं. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'शी नातं सांगणारी त्यांची 'लुचाई' घ्या. धारपांचं गद्य साधं, बैठकीत बोलल्यासारखं. घर, नोकरी, शेजारपाजार यांची घडी ते आधी नीट बसवतात आणि मगच ती विस्कटतात. संगीतानं सुरुवातीलाच धोक्याची सूचना दिली तर ती घडी बसतच नाही.

संगणकाच्या आवाजाबद्दल फार बोलायची गरज नाही. ऑडिबलनं २०२३पासून कृत्रिम आवाजातली पुस्तकंही घ्यायला सुरुवात केली, ती स्वस्त पडतात आणि वाढत जातील. माहितीच्या पुस्तकांना ते चालेलही. पण सेवर्डचं बोलताना थांबणं हे त्याच्या मनात काय चाललंय यावर ठरतं, आणि तिथे वाचणाऱ्याला मन लागतं.

मला मराठीत एक संपूर्ण 'ड्रॅक्युला' ऐकायचा आहे. हार्कर, मीना आणि सेवर्ड यांना तीन निरनिराळे वाचक द्यावेत. बाकीच्यांची पत्रं मीनाच्या वाचकानं वाचावीत, कारण टाइप तिनंच केली आहेत. काउंट कुणाला वेगळा देऊ नये. संगीत अजिबात नको. सेवर्डची प्रकरणं रात्री उशिरा, एका बैठकीत मुद्रित करावीत, आणि वाचकाचा आवाज थकला, घसा बसला, तर संकलकानं त्याला हात लावू नये.