ऑड्रे लॉर्ड यांचे आजारलेखन : योद्ध्याच्या प्रतिमेपलीकडचे स्वत्व

दीर्घकालीन आजारात माणूस नेमके काय गमावतो, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र अवयव आणि तपासण्यांचे आकडे यांच्या भाषेत देते. हे उत्तर अपुरे असल्याचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कॅथी चारमाझ यांनी १९८३ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले. आक्रसत जाणारे जगणे, एकटेपण आणि इतरांवर भार झाल्याची भावना यांमुळे रुग्णाची जुनी स्व-प्रतिमा ढासळते; तिच्या जागी तितकीच मोलाची नवी प्रतिमा मात्र उभी राहत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही नवी प्रतिमा घडवण्याचा प्रयत्न कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड (१९३४-१९९२) यांच्या दोन गद्यग्रंथांत पाहावयास मिळतो.

१९७८ मध्ये स्तनकर्करोगामुळे लॉर्ड यांचा उजवा स्तन काढून टाकावा लागला. 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) हे पुस्तक त्या अनुभवातून आले. त्यातील एक प्रसंग बोलका आहे. शस्त्रक्रियेनंतर एक स्वयंसेविका त्यांना लोकरीचा, फिकट गुलाबी रंगाचा कृत्रिम स्तन आणून देते. लॉर्ड तो लावून पाहतात, पण तो त्यांच्या कातडीच्या रंगाशी जुळत नाही. 'पूर्ववत' होण्याचा जो मार्ग त्यांच्यासमोर ठेवला गेला, तो मुळातच गोऱ्या देहासाठी आखलेला होता, हे येथे एकाही सिद्धांताविना स्पष्ट होते. पुढे त्या कृत्रिम स्तनाशिवाय डॉक्टरांकडे जातात, तेव्हा याने दवाखान्यातील इतरांचे मनोधैर्य खचते, असे परिचारिका त्यांना सुनावते. म्हणजे रुग्णाने आपले शरीर लपवायचे, ते इतरांच्या सोयीसाठी! लॉर्ड यांनी नकार दिला. एकस्तनी देह उघडपणे वागवल्याशिवाय एकस्तनी स्त्रिया एकमेकींना ओळखणार कशा, हा त्यांचा सवाल आहे.

याच सुमारास, १९७८ मध्ये, सुसान सोन्टाग यांचे 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' प्रसिद्ध झाले. आजारावर लादलेली रूपके दूर सारावीत, असा सोन्टाग यांचा आग्रह. आणि स्वतःच्या कर्करोगाचा त्या पुस्तकात उल्लेखही नाही. लॉर्ड यांची वाट नेमकी उलट आहे. त्या प्रथमपुरुषी लिहितात आणि दाहोमीच्या अ‍ॅमेझॉन योद्ध्या स्त्रियांची आख्यायिका जवळ करतात. समीक्षकांनी या योद्ध्याच्या प्रतिमेचे पुष्कळ कौतुक केले, आणि ते रास्तही आहे. तथापि, युद्धाला शेवट असतो, जय असतो वा पराजय. न संपणाऱ्या आजाराला ही प्रतिमा कितपत पुरेल?

१९८४ च्या आरंभी लॉर्ड यांच्या यकृतात गाठ आढळली. सुरुवातीस त्यांनी यकृताचा तुकडा काढून तपासणी करू दिली नाही. १९८५ च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइमच्या रुग्णालयात कर्करोगाचे निदान त्यांनी स्वीकारले. या वर्षांची रोजनिशी 'अ बर्स्ट ऑफ लाइट' (१९८८) मध्ये आहे. युद्धाची भाषा येथेही सुटत नाही, पण तिचा सूर बदलतो. बर्लिनमधील अध्यापन, दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाच्या बातम्या, वेदना, आहार आणि भीती एकाच पानावर नांदतात. येथे स्वत्व टिकते ते शौर्याच्या एखाद्या क्षणामुळे नव्हे, तर रोजच्या शक्तीच्या वाटपामुळे: आज कोणते काम करायचे, कोणते सोडायचे. पहिल्या पुस्तकाच्या तुलनेत हे पुस्तक विस्कळीत वाटते, हे मान्य करावे लागेल. परंतु ही विस्कळीतता दीर्घ आजाराच्या कालानुभवाशी प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकाला ते अधिक काही देते.

या पुस्तकातील स्वतःची काळजी घेण्याविषयीचे एक वाक्य पुढे फारच लोकप्रिय झाले. आता ते चहाच्या कपांवरही छापले जाते. मूळ संदर्भात मात्र एक रुग्ण स्त्री, स्वतःला ताणणे आणि स्वतःला अतिरेकी राबवणे यांतला फरक रोज तपासत असते. हा फरक ओळखणे किती अवघड जाते, हेही ती नोंदवते, आणि त्याची गरज साखर कमी करण्याइतकीच असल्याचे लिहून ठेवते.