निकालपत्रातलं गिऱ्हाईक

१६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डान्स बारवरची बंदी रद्द ठरवताना दिलेला निकाल मी कायद्याचा कागद म्हणून वाचायला घेतला आणि एखाद्या कसदार निबंधासारखा वाचून संपवला. तो न्या. सुरिंदर सिंग निज्जर यांनी लिहिला आहे. सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांनी त्याला स्वतंत्र, छोटं, सहमतीचं टिपण जोडलं आणि दोनच दिवसांनी ते निवृत्त झाले. पेण-रोह्याच्या वाचकाने हा निकाल वाचावा, याला एक खास कारण आहे. हा वाद आपल्याच जिल्ह्यातून उठला होता. पनवेलचे शेकापचे आमदार विवेक पाटील यांनी रायगडातल्या डान्स बारचा प्रश्न विधानसभेत मांडला. ३० मार्च २००५ रोजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याला उत्तर देताना बंदी जाहीर केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून ती राज्यभर लागू झाली.

निकालाची गोडी कळायला आधी मूळ कायदा नीट पाहावा लागतो. मुंबई पोलीस अधिनियमात दोन कलमं घातली गेली. ३३अ म्हणतं, खाणावळ, परमिट रूम आणि बिअर बार इथे नाच चालणार नाही. ३३ब म्हणतं, नाट्यगृह, फक्त सभासदांना प्रवेश असलेला जिमखाना आणि तीन तारांकित किंवा त्यावरचं हॉटेल इथे ही बंदी नाही. एका दमात वाचलं तर यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. पण दोन्ही कलमं शेजारी ठेवून पाहा. नाच तोच आहे आणि दारूही तीच आहे. बदललं आहे ते फक्त समोर बसलेलं गिऱ्हाईक.

हे गिऱ्हाईक कसं असतं? रोह्याच्या एखाद्या साध्या परमिट रूममध्ये धाटावच्या कारखान्यातून सुटलेला कामगार शिरला की वेटर ऑर्डर विचारत नाही. महिनाअखेरीला हिशोब वहीत लिहून घेतला जातो. जास्त झाली तर ‘आता पुरे, घरी जा’ असं सांगायला मालक कचरत नाही. डान्स बारमध्येही नेहमीच्या माणसाचं असंच होतं. टेबल ठरलेलं, आत पाऊल टाकताच त्याच्या आवडीचं गाणं आणि न मागता समोर आलेली दहाच्या सुट्या नोटांची गड्डी. यात धंदा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण या माणसाला तिथे नाव होतं. तारांकित हॉटेलातही नेहमीच्या पाहुण्याचं नाव लक्षात ठेवतात, पण तिथे ते नोंदवहीतून आणि सभासद-कार्डावरून कळतं. कायद्याने पहिल्या माणसाला बिघडणारा ठरवलं आणि दुसऱ्याला सभ्य.

निज्जर यांच्या लेखनाचं सौंदर्य इथे आहे. बाईचं नाचणं चांगलं की वाईट, या खोल चिखलात ते उतरत नाहीत. ते थेट प्रेक्षकाकडे वळतात. जो नाच मोठ्या हॉटेलात निखळ करमणूक ठरतो, तोच छोट्या बारमध्ये अधःपात कसा ठरतो, एवढंच ते विचारतात. आणि सांगतात की नीतिमत्तेची मक्तेदारी वरच्या वर्गाकडे असते हे गृहीतकच आम्हाला मान्य नाही. एरवी निकालपत्रांची भाषा थंड असते. इथे तिला धग आहे. मला या ओळी वाचताना पेणच्या त्या २२ गावांची आठवण होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी त्यांनी सेझला जमीन द्यायची की नाही, यावर स्वतः मतदान केलं. स्वतःचं भलंबुरं कळणारी ही माणसं. महामार्गावरच्या बारमध्ये जाणारे यांच्यातलेही असतील. त्यांची अक्कल हॉटेलच्या ताऱ्यांवरून मोजायला न्यायालयाने नकार दिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

बायकांची बाजू निकालात आकड्यांतून येते. बंदीमुळे ७५ हजारांहून अधिक जणी बेकार झाल्याची नोंद आहे आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या पाहणीचा आधार आहे. नाचण्याचीच परंपरा असलेल्या समाजांतून कितीतरी जणी आल्या होत्या, हेही त्यात येतं. तरी त्यांचा आवाज मला पुरेसा ऐकू आला नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला दुरून ओळखून त्याच्याशी किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे रोज ठरवणाऱ्या बाईचं कौशल्य पाहणीच्या तक्त्यात मावत नाही. निकालातली ही उणीव मला बोचते.

पुढे सरकारने २०१४ मध्ये जे केलं, ते वाचताना मन खिन्न होतं. भेदभाव आहे म्हणता ना, मग तारांकित हॉटेलांची सवलतही काढून टाकली. सगळ्यांवर सारखी बंदी! समानतेचा इतका कोरडा अर्थ निज्जर यांच्या मनात खचितच नव्हता. न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला स्थगिती दिली आणि २०१६ मध्ये नवा कायदा आला. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात त्यातल्या बऱ्याच अटी गळल्या. सीसीटीव्हीची सक्ती गेली, नाचाची जागा आणि मद्याची जागा यांत भिंत घालण्याची अटही गेली. एक फरक मात्र न्यायालयाने मुद्दाम राखला. नाचणारीवर नोटा उधळायच्या नाहीत, पण खुशीने बक्षीस द्यायला हरकत नाही. गिऱ्हाइकाने समोरच्या बाईशी कसं वागावं, हे या सगळ्या कागदपत्रांत प्रथमच इतक्या नेमकेपणाने लिहिलं गेलं, आणि ते छोट्या-मोठ्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकसारखंच लागू आहे.