कारखान्याच्या गेटपाशी थांबलेला कॅमेरा

कोळशाच्या मुलखात छायाचित्रकाराचे अर्धे काम खाणच करून ठेवते. काजळीने माखलेला चेहरा, डोक्यावरची पाटी, वाकलेली पाठ. कष्ट अंगावरच वाचता येतात. सुनील जाना यांनी खाणमजूर टिपले, सेबास्तियाव साल्गादो 1989 साली धनबादला आला, आणि ती चित्रे जगाच्या स्मरणात राहिली. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा असा उघडपणे बोलत नाही. इथला कामगार गणवेश घालून कंपनीच्या बसमधून उतरतो. त्याची हलाखी कंत्राटाच्या मुदतीत, ओव्हरटाइमच्या तासांत आणि चौघा-पाचजणांत वाटून घेतलेल्या खोलीच्या भाड्यात असते. म्हणून या पट्ट्याच्या छायाचित्रांकडे बघताना कोणी किती चांगला फोटो काढला यापेक्षा तो कुठे उभा राहून काढला, हे आधी विचारावे लागते. गेटच्या आत कंपनीचा कॅमेरा आहे, गेटबाहेर वर्तमानपत्राचा. दोघांनीही आपापले काम चोख केले, पण कामगाराचे उरलेले आयुष्य दोघांच्याही चौकटीबाहेर राहिले.

आतला कॅमेरा आधी आला, आणि त्याला तशी कारणेही होती. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. नव्या देशात पेनिसिलिन तयार होणे ही अभिमानाची गोष्ट होती आणि ती दाखवणे हे राष्ट्रकार्यच मानले गेले. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाज ऑटो आले, 1970 साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. याच काळात मुंबईच्या मित्तर बेदींनी भारतीय औद्योगिक छायाचित्रणाला व्याकरण दिले. चकचकीत नळ्या, नेटका प्रकाश, भव्य यंत्र आणि त्याच्या पायथ्याशी एखादा माणूस, बहुतेकदा यंत्राची उंची कळावी एवढ्यापुरता. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि कॅलेंडरे आजही हेच व्याकरण गिरवतात. ही चित्रे खोटी नाहीत. पण त्यांत यंत्राला नाव असते, माणसाला नसते. खुद्द जानांनीही पुढे उद्योगांची कामे स्वीकारली. तेव्हा दोष एखाद्या छायाचित्रकाराच्या हेतूत शोधून उपयोग नाही. पैसे कोण देतो यावर चौकट बरीचशी ठरते.

बाहेरचा कॅमेरा संघर्षाच्या दिवशी येतो. 1989 च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार उपोषणाला बसले, ते पिंपरीत नव्हे, पुण्यात शनिवारवाड्यावर. गेटसमोरचे धरणे गेटसमोरच्यांनाच दिसते, शहराच्या मध्यावरचे सगळ्यांना, हा हिशेब त्यामागे नसेल असे वाटत नाही. पोलिसांनी उपोषणकर्त्यांना उचलले ते रात्रीच्या वेळी. दिसण्याचे राजकारण दोन्ही बाजूंना पुरेपूर कळत होते. मात्र या चौकटीलाही मर्यादा आहे. 2013 साली चाकणच्या बजाज प्रकल्पातील संप सुमारे पन्नास दिवस चालला. कामगारांना एक रुपया दराने कंपनीचे समभाग द्यावेत, ही त्यातली लक्षवेधी मागणी होती. मालकीतच वाटा मागणारा हा विचार उंचावलेल्या मुठीच्या फोटोत कसा दिसणार? त्या फोटोखालची ओळ बदलली की तो कुठल्याही संपाला चालतो. 30 जुलै 2018 रोजी मराठा आरक्षण आंदोलनात चाकणमध्ये बस जळाल्या आणि चाकण पहिल्या पानावर आले. जळणाऱ्या बसला बातमीमूल्य आहे. त्याच रस्त्यावरून रोज पहाटे शिफ्टला जाणाऱ्यांना ते नाही.

या दोन चौकटींमधली जागा टिपता येतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. बिल ब्रँटने 1937 साली इंग्लंडच्या उत्तरेत एक बेकार माणूस टिपला. वेचलेल्या कोळशाचे पोते सायकलवर टाकून तो घराकडे निघाला आहे. त्यात खाण नाही, मोर्चा नाही, तरी मंदीचे सगळे राजकारण आहे. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथल्या खोल्या, कामावरून ब्रेक दिलेला कंत्राटी कामगार, ठेकेदाराच्या दारातली रांग, प्रेस मशीनवर बोटे गमावलेला हात, हे त्याच जातीचे विषय आहेत.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग वाण कशाची, असे कोणी म्हणेल. पण अनेक कारखान्यांत गेटवरच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात किंवा फोन जमा करून घेतात. त्यातून सुटलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात येतात आणि फोन बदलला की जातात. व्यावसायिक गुपिताचा आक्षेप रास्त आहे, पण तो साच्यांना आणि आराखड्यांना लागू होतो, बसथांब्याला किंवा खोलीला नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, तो म्हणजे दुसऱ्याच्या हलाखीचे सौंदर्य करण्याचा. साल्गादोवर तो झाला आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. सुधारक ओलवे हे वृत्तपत्रातले छायाचित्रकार, पण मुंबईच्या सफाई कामगारांचे काम त्यांनी बातमी संपल्यावरही सोडले नाही. ते गटारापाशी थांबले नाहीत, कामगारांच्या घरांपर्यंत गेले. अशा सहवासातून आलेल्या चित्रात माणूस दयेचा विषय उरत नाही, कारण त्याचे कामही दिसते आणि ते काम करून घेणारी व्यवस्थाही.

चाकणच्या बाबतीत हे काम तातडीचे आहे. टेल्कोतला कायम कामगार तीस वर्षे एका गेटातून ये-जा करायचा, त्यामुळे त्याच्या आठवणी आणि फोटो संघटनेच्या कार्यालयात किंवा घरच्या अल्बममध्ये सापडण्याची शक्यता तरी आहे. आजचा कंत्राटी कामगार काही महिन्यांत दुसऱ्या ठेकेदाराकडे किंवा दुसऱ्या जिल्ह्यात असतो. संघटनांनी, महाविद्यालयांनी आणि महापालिकेने जुने फोटो गोळा करावेत, नवे काढून घ्यावेत, आणि प्रत्येकाखाली तारीख, खाते, कामाचा प्रकार, ठेकेदारीची पद्धत आणि संमती असेल तेथे नावही लिहावे. एवढा तपशील जोडला तर तो फोटो उद्या कामगार न्यायालयात, संशोधकाच्या टेबलावर आणि कामगाराच्या नातवंडांच्या हातात सारखाच उपयोगी पडेल. हा तपशील नसेल, तर उत्तम फोटोसुद्धा पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरातच जाईल.