भल्या माणसाचं न पाहणं : बिल पॅटरसन यांच्या भूमिका

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही नीतीवर बोलता तेव्हा उदाहरणं सगळी हुकूमशहांची आणि खुनी माणसांची. आमच्यासारख्यांचं काय? आम्ही कर भरतो, पोरं शिकवतो, कुणाचं वाईट चिंतत नाही. आमच्यासाठी तत्त्वज्ञानात काही आहे का?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मी आज पुस्तकातून कमी आणि एका नटाकडे बघून जास्त देणार आहे.

नटाचं नाव बिल पॅटरसन. जन्म 1945, ग्लासगो. नावावरून तुमच्यापैकी फार जणांना ओळख पटणार नाही. चेहरा बघाल तर मात्र म्हणाल, "अरे, हे तर ते!" चरित्र अभिनेत्याचं नशीबच असं असतं, चेहरा घरोघरी पोहोचतो आणि नाव दारातच राहतं. तरुण मंडळींनी त्यांना 'फ्लीबॅग' मालिकेत नायिकेचे वडील म्हणून पाहिलं असेल. मला मात्र बोलायचं आहे ते त्यांच्या जुन्या काळातल्या भूमिकांबद्दल. पोशाखी मालिका म्हणतो ना आपण, घोडागाड्या, मेणबत्त्या, उंच हॅट, त्यातल्या भूमिका.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा माणूस रंगभूमीवर आला तो काही लॉर्ड लोकांचे दिवाणखाने सजवायला नव्हे. 'सेव्हन एटी-फोर' नावाची एक नाटक मंडळी होती. ब्रिटनमधली 84 टक्के संपत्ती 7 टक्के लोकांच्या हातात आहे, अशी एक आकडेवारी तेव्हा छापून आली होती, त्यावरून हे नाव. त्या मंडळींच्या 1973 सालच्या 'द शेव्हियट, द स्टॅग अँड द ब्लॅक ब्लॅक ऑइल' या गाजलेल्या नाटकात पॅटरसन होते. लेखक जॉन मॅकग्रा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकून तिथे शेव्हियट जातीच्या मेंढ्या आणल्या गेल्या, पुढे शिकारीची राखीव रानं झाली, आणि मग समुद्रातलं तेल आलं. नफा कुणाचा आणि घर कुणाचं गेलं, एवढाच हिशोब त्या नाटकात मांडला होता. ज्यांच्या पूर्वजांनी हे सोसलं त्यांच्याच गावच्या सभागृहांत जाऊन त्यांनी प्रयोग केले.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. सदरलंडच्या इस्टेटीवरून माणसं हलवणारा कारभारी जेम्स लॉक स्वतःला दुष्ट समजत नव्हता. आपण सुधारणा करतोय अशी त्याची खात्री होती, आणि 1820 मध्ये त्या सुधारणांवर त्याने पुस्तकही लिहिलं. म्हणजे ज्यांची 'सुधारणा' होते त्यांच्या बाजूने ती कशी दिसते, हे पॅटरसन यांनी कारकिर्दीच्या सुरुवातीलाच, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघून शिकलेलं आहे. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या भूमिकांची किल्ली इथे आहे.

आता तत्त्वज्ञानाकडे पाच मिनिटं. आयरिस मर्डॉक या कादंबरीकार म्हणून तुम्हाला माहीत असतील. त्या तत्त्वज्ञही होत्या. 1970 साली आलेल्या 'द सॉव्हरिनटी ऑफ गुड' या पुस्तकात त्यांनी एक उदाहरण दिलंय, आणि गंमत अशी की ते उदाहरण सासू-सुनेचं आहे! सासूला सून मनातून पसंत नाही. पोरगी जरा उथळ, रीतभात नसलेली वाटते. पण सासू कुलीन आहे, वागण्यात कुठेही चूक करत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला बोट ठेवायला जागा नाही. मग एक दिवस ती स्वतःशी म्हणते, "मी जुन्या वळणाची आहे, कदाचित माझ्यातच मत्सर असेल. पुन्हा एकदा बघू या." आणि हळूहळू तिला दिसतं, पोरगी उथळ नाही, आनंदी आहे. वागणं पूर्वीइतकंच चांगलं, त्यात काडीचा फरक नाही. तरी मर्डॉक म्हणतात, इथे नैतिक काम झालं. काय काम झालं? पाहण्याचं. आपण नीती म्हटलं की निर्णयाकडे बघतो. मर्डॉक सांगतात, निर्णयाच्या आधी नजर असते. समोरचं माणूस नीट दिसलंच नाही, तर चांगल्या हेतूने घेतलेला निर्णयसुद्धा त्याच्या अंगावरून गाडी घालून जातो.

हे मनात ठेवून 'वाइव्ज अँड डॉटर्स' बघा. एलिझाबेथ गॅस्केल यांची ही शेवटची कादंबरी, 1865 मध्ये त्या गेल्या तेव्हा अपुरी राहिलेली. 1999 मध्ये बीबीसीने तिची मालिका केली, पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. पॅटरसन त्यात डॉक्टर गिब्सन आहेत. विधुर माणूस, हुशार, कोरडा विनोद करणारा, एकुलत्या एका मुलीवर जीव असलेला. हाताखाली शिकणारा एक मुलगा मॉलीला प्रेमपत्र लिहितो. पत्र डॉक्टरांच्या हाती पडतं. डॉक्टर काय करतात? मुलीशी बोलतात? नाही. तिला न सांगता तिची रवानगी ओळखीच्या घरी करतात, आणि घरात बाईमाणूस हवं म्हणून स्वतः लग्न ठरवतात. मुलीच्या भल्यासाठी हं! बायको मिळते ती उथळ आणि आपमतलबी, आणि तिचा जाच होतो तो मॉलीलाच.

लग्नाची बातमी तो मुलीला सांगतो तो प्रसंग बघा. पॅटरसन यांचा आवाज कुठेही चढत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना धीर देताना डॉक्टर जसा बोलतो, तसा तो बाप बोलतो. आणि म्हणूनच ते ऐकवत नाही. गावातल्या प्रत्येकाची नाडी ओळखणाऱ्या माणसाला समोर उभ्या पोरीचा चेहरा वाचता येत नाही. एखाद्या नटाने इथे बाप कठोर केला असता, म्हणजे आपण त्याच्यावर रागावून मोकळे झालो असतो. पॅटरसन ती सोय ठेवत नाहीत.

दुसरी भूमिका 'लिटल डॉरिट'मधल्या मिस्टर मीगल्सची, 2008. डिकन्सची कादंबरी, पटकथा पुन्हा डेव्हिस यांचीच. मीगल्स म्हणजे निवृत्त बँकवाले, गोलमटोल भलेपणा. लंडनच्या अनाथालयातून त्यांनी एक मुलगी आणलीय, आपल्या लाडक्या लेकीची दासी म्हणून. तिचं नाव हॅरिएट. या घरात तिचं नाव होतं टॅटीकोरम. 'कोरम' हे अनाथालयाच्या संस्थापकाचं आडनाव. म्हणजे घरात येता-जाता तिला हाक मारली की ती अनाथ आहे याची आठवण व्हावी, अशी सोय! तिला राग आला की मीगल्स तिला पंचवीस आकडे मोजायला सांगतात. प्रेमाने सांगतात. ती कशाने चिडते, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. लेकीचे सगळे लाड तिच्या डोळ्यांसमोर होतात, आणि तिने कृतज्ञ राहायचं. एक दिवस ती घर सोडून जाते आणि मीगल्स खरोखर दुखावतात.

मालिकेत टॅटीकोरम झाली आहे फ्रीमा अजिमन ही कृष्णवर्णीय अभिनेत्री. त्यामुळे ते आकडे मोजणं आजच्या प्रेक्षकाच्या कानाला जास्तच टोचतं. मात्र इथे माझी एक तक्रार आहे. डिकन्सच्या मीगल्समध्ये बड्या घराण्यांपुढे विरघळण्याचा एक कमकुवतपणा आहे, कादंबरीत तो स्पष्ट दिसतो. पॅटरसन इतके ऊबदार आहेत की मालिकेत तो कोपरा घासला गेलाय असं मला वाटतं. पोशाखी मालिकांचा हा धोकाच असतो. चूल पेटलेली, चहा वाफाळलेला, आणि आपण सगळ्यांना माफ करून टाकतो.

आता घरातून राजकारणात येऊ. 'अमेझिंग ग्रेस' हा 2006 चा चित्रपट गुलामांच्या व्यापाराविरुद्ध विल्बरफोर्सने दिलेल्या लढ्यावर आहे. पॅटरसन त्यात हेन्री डंडस, स्कॉटलंडचा सर्वांत वजनदार राजकारणी. हिंदुस्थानाशीही याचा जवळचा संबंध, ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा तो 1793 पासून अध्यक्ष होता. तर 1792 मध्ये संसदेत व्यापारबंदीचा ठराव आला. डंडस उठला आणि त्याने एक शब्द घालण्याची सूचना केली, 'क्रमाक्रमाने'. दुरुस्त ठराव 230 विरुद्ध 85 मतांनी मंजूर झाला, पुढे मुदत 1796 ठरली, वरच्या सभागृहात घोडं अडलं, आणि कायदा झाला 1807 मध्ये. त्या शब्दाशिवाय ठराव पडलाच असता असं काही इतिहासकार म्हणतात. त्या शब्दाने व्यापाऱ्यांना वेळ काढून दिला असं दुसरे म्हणतात. एडिंबरात डंडसचा उंच स्तंभ आहे, त्याच्या पाटीवर काय लिहावं यावरून अलीकडेच मोठा वाद झाला. मी त्यात निकाल देत नाही. मला रस आहे तो त्या शब्दाच्या सुरात. 'क्रमाक्रमाने' हा शब्द समजूतदार माणसाचाच असतो. आणि जहाजाच्या तळाशी साखळीत पडलेल्या माणसाला तो कसा ऐकू येईल, हा प्रश्न तो उच्चारताना पडत नाही. नटाने गिब्सनचा आणि मीगल्सचा समंजसपणाच इथे आणलाय. फरक इतकाच की घरात एका मुलीचं नुकसान होतं आणि इथे हजारोंचं.

त्याच वर्षीचा 'मिस पॉटर'. त्यात ते लेखिका बिआट्रिक्स पॉटर यांचे वडील आहेत. मुलीला तिच्या प्रकाशकाशी लग्न करायचंय, आणि तो धंदेवाईक घरातला म्हणून विरोध होतो. पॉटर घराण्याचा पैसा स्वतः कापड छपाईच्या कारखान्यातून आलेला! भूमिका लहान आहे आणि लिहिलीही पातळ आहे, पण धागा तोच.

तुम्ही म्हणाल, सर, हे निवडक झालं. मान्य. 'आउटलँडर'मध्ये 1743 सालचे वकील नेड गोवन त्यांनी केलेत, ते माझ्या सूत्रात बसत नाहीत. दम लागणाऱ्या या वकिलाला नायिका धोत्रा ओढायला देते, ते बघून मला आमच्या आजोबांची दम्याची विडी आठवली. पुढे त्या बाईवर चेटकिणीचा खटला चालतो तेव्हा हाच म्हातारा तिच्या बाजूने उभा राहतो. का? मला वाटतं, त्याने तिला पाहिलेलं आहे. तिच्याशी बोललाय, तिचं औषध घेतलंय. मर्डॉक यांच्या सासूसारखी दुसऱ्यांदा बघायची संधी त्याला मिळाली आणि त्याने ती घेतली.

आणि 'फ्लीबॅग'चा बाप? काळ आजचा, पण माणूस ओळखीचा. मुलीचं दुःख दिसतं, वाक्य सुरू होतं आणि अर्ध्यात तुटतं. वाढदिवसाला तो तिला समुपदेशनाचं कूपन देतो. गिब्सनने पत्र खिशात घातलं, याने कूपन पुढे केलं. बोलायचं दोघांनीही टाळलं.

शेवटचं थोडं माझ्याबद्दल. मी अनेक वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. एकदा माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी सांगायला आली की विभागात तिला एका गोष्टीचा फार त्रास होतोय. मी चहा मागवला, शांतपणे ऐकलं, आणि सांगितलं, "घाई करू नकोस, सहा महिने थांब, प्रबंध पुरा कर, मग बघू." सल्ला व्यवहारी होता. तिने काम सोडलं. पुष्कळ वर्षांनी मीगल्सच्या तोंडी ते पंचवीस आकडे ऐकले आणि मी मालिका तिथेच थांबवली. त्या दिवशी तिने काय सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. ती सांगत असताना तिचा चेहरा कसा होता, ते आठवत नाही.

तर त्या श्रोत्याला माझं उत्तर हे आहे. आपल्यासारख्यांसाठी तत्त्वज्ञानात काम आहे, आणि ते सल्ला देण्याच्या आधीचं आहे. पॅटरसन यांच्या भूमिका बघायच्या असतील तर 'वाइव्ज अँड डॉटर्स'पासून सुरुवात करा, चारच भाग आहेत. बघताना बापाकडे बघा, आणि तो जिच्याशी बोलतोय तिच्याकडेही.

मी थांबतो. दहा मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ या.