सॅक्सोफोनवरचा ‘पारंपरिक’ ब्लूज: एक रेकॉर्ड, एक शब्द

ब्लूज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांचं चित्र ठरलेलं असतं. मिसिसिपीतलं एखादं खेडं, लाकडी ओसरी, मांडीवर गिटार घेतलेला एकटा कृष्णवर्णीय गायक. या चित्रात सॅक्सोफोन नसतो. तो जॅझचा, शहराचा, क्लबमधला. त्यामुळे ‘पारंपरिक ब्लूज सॅक्सोफोनवर’ असं कुणी म्हटलं, की आपण ते आपोआप रूपांतर समजतो: मूळ गोष्ट वेगळी, ही नंतरची.

हा समज तपासायला आज एकच रेकॉर्ड घेऊ. आर्ची शेप (सॅक्सोफोन) आणि होरेस पारलन (पियानो) यांची ‘ट्रबल इन माइंड’. १९८० साली ‘स्टीपलचेस’ या डॅनिश कंपनीने काढलेली. दोनच माणसं, ड्रम नाही, बास नाही. शेप हा साठच्या दशकातल्या फ्री जॅझचा माणूस. कॉल्ट्रेनच्या ‘असेन्शन’मध्ये जो कल्लोळ आहे त्यात त्याचाही सॅक्सोफोन आहे. पारलन चार्ल्स मिंगसच्या ‘ब्लूज अँड रूट्स’मध्ये वाजलेला, पुढे डेन्मार्कला स्थायिक झालेला. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा हात अधू झाला होता, आणि त्याने डाव्या हातावर भर देत स्वतःची शैली घडवली. या दोघांनी १९७७ मध्ये ‘गोइंग होम’ नावाची चर्चगीतांची रेकॉर्ड केली होती. ‘ट्रबल इन माइंड’ त्यानंतरची, जुन्या ब्लूजची.

या रेकॉर्डबद्दल जिथे जिथे लिहिलेलं सापडतं, तिथे ‘पारंपरिक’ हा शब्द हटकून येतो. संशोधनाची तयारी करत असाल तर अशा शब्दापाशी जरा थांबायची सवय लावा. पारंपरिक म्हणजे काय? कर्ता माहीत नाही, तोंडातोंडी आलं, असंच ना? मग यादी बघा. ‘ट्रबल इन माइंड’ हे गाणं रिचर्ड एम. जोन्स या पियानोवादकाचं, १९२४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं. ‘नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट’ जिमी कॉक्सचं. तो रंगमंचावरचा कलावंत होता, शेतमजूर नव्हे. शिवाय हे गाणं ब्लूजच्या नेहमीच्या बारा मात्राखंडांच्या साच्यातलंही नाही. ‘हाउ लाँग ब्लूज’ १९२८ मध्ये लेरॉय कारने लोकप्रिय केलं, तेही पियानोवर बसून. ‘केअरलेस लव्ह’सारखी खरोखर निनावी म्हणता येतील अशी गाणी यादीत आहेत, पण ती बहुसंख्य नाहीत. एकूण ही यादी खेड्यातल्या ओसरीवरची कमी आणि विसाव्या शतकातल्या पहिल्या रेकॉर्ड-बाजाराची जास्त आहे.

आणि त्या बाजारात फुंकून वाजवायची वाद्यं पहिल्यापासून होती! मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ १० ऑगस्ट १९२० ला गायलं, तेव्हा तिच्या साथीला कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट असलेला वाद्यवृंद होता. पुढे सॅक्सोफोनचा महारथी झालेला कोलमन हॉकिन्स पोरवयात तिच्याच ‘जॅझ हाउंड्स’मध्ये वाजवत होता. मा रेनीच्या १९२४ च्या ‘सी सी रायडर’मध्ये कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग आहे. गिटार घेतलेला एकटा पुरुष रेकॉर्डवर ठळकपणे येतो तो त्यानंतर. ब्लाइंड लेमन जेफरसनच्या रेकॉर्ड १९२६ पासूनच्या. म्हणजे रेकॉर्डचा इतिहास बघितला तर क्रम उलटा आहे. गायिका आणि वाद्यवृंद आधी, ओसरी नंतर.

मग आपल्या डोक्यातलं चित्र आलं कुठून? मेरीबेथ हॅमिल्टन यांचं ‘इन सर्च ऑफ द ब्लूज’ जरूर वाचा. दुर्मीळ तबकड्या गोळा करणाऱ्या गोऱ्या संग्राहकांच्या आवडीने ‘अस्सल’ कशाला म्हणायचं हे कसं ठरत गेलं, ते त्यात सविस्तर आहे. खपाच्या तबकड्या बाजारू, न खपलेल्या अस्सल, असा काहीसा तो हिशोब. रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६-३७ च्या ध्वनिमुद्रणांची एलपी १९६१ मध्ये आली आणि चित्र पक्कं झालं. या हिशोबात मेमी स्मिथ गेली, मा रेनी मागे पडली, आणि त्यांच्यासोबत सॅक्सोफोनही गेला.

आता पुन्हा शेप-पारलनकडे. ‘बॅकवॉटर ब्लूज’ ऐका. पण त्याआधी बेसी स्मिथने १७ फेब्रुवारी १९२७ ला गायलेलं ऐका. तिच्या साथीला फक्त जेम्स पी. जॉन्सनचा पियानो आहे. एक आवाज, एक पियानो. शेप आणि पारलन यांचा साचा नेमका हाच: बेसीच्या जागी सॅक्सोफोन. माझ्या मते या रेकॉर्डवरची सर्वात मोठी समीक्षा शेपने स्वतःच, एकही शब्द न लिहिता, इथे केली आहे. परंपरा सांगताना तो डेल्टातल्या गिटारकडे गेला नाही, बेसीकडे गेला.

याच गाण्याची आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. हे गाणं १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर आहे, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. पण तो बांध फुटला एप्रिलमध्ये, आणि गाणं फेब्रुवारीतलं! डेव्हिड इव्हान्स या संशोधकाने शोध घेऊन ते १९२६ च्या नाताळात नॅशव्हिलला कंबरलँड नदीला आलेल्या पुराशी जोडलं. एप्रिलमध्ये रेकॉर्ड लोकांच्या हातात होती, पाणीही दारात होतं, आणि ऐकणाऱ्यांनी गाणं आपल्या पुराला लावलं. यात बेसीचा दोष नाही, ऐकणाऱ्यांचाही नाही. दोन तारखा शेजारी ठेवून न बघणाऱ्या लेखकांचा मात्र आहे.

आता इथून एक अवघड प्रश्न निघतो. शब्द असूनही गाण्याचा अर्थ ऐकणाऱ्याने ठरवला, तर शब्दच काढून टाकल्यावर काय उरतं?

आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ, म्हणजे सोपं जाईल. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकताना मराठी माणसाला शब्द ऐकू येतात, कारण ते त्याला पाठ असतात. शब्द माहीत नसलेल्याला तिथे फक्त चाल मिळते. शेप ऐकताना आपण त्या दुसऱ्या माणसाच्या जागी असतो. म्हणून आधी गायिका, मग सॅक्सोफोन, हा क्रम मी सुचवतो.

पण शब्द गेले तरी ब्लूजमध्ये एक गोष्ट शिल्लक राहते: सवाल-जवाब. बारा मात्राखंडांचा साचा म्हणजे चार-चारच्या तीन ओळी. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी तिला उत्तर देणारी. शिवाय प्रत्येक ओळीत गायक साधारण निम्म्या जागेत गातो आणि उरलेली जागा वाद्याला सोडतो. ही सोडलेली जागा हाच ब्लूजचा श्वास. सॅक्सोफोनवाल्याच्या हातात वेग असतो, ती जागा भरून टाकायचा मोह होतोच. शेप ती भरत नाही. ओळ टाकतो, थांबतो, पारलनला बोलू देतो. फ्री जॅझमध्ये ज्याने आवाजाच्या भिंती उभ्या केल्या, त्याने एवढं गप्प राहणं ऐकण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट स्वराची. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि स्थिर नसतो. पियानोवर ती जागाच नाही. वादक फार तर शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र दाबून तिचा भास देतो. सॅक्सोफोनच्या कळाही ठरलेल्याच आहेत, पण ओठ सैल-घट्ट करून स्वर खाली-वर ओढता येतो, घशातून गुरगुरता येतं, नुसती हवा सोडता येते. शेपच्या स्वराच्या कडेला ही हवा सतत ऐकू येते. एक घसरणारा आवाज आणि एक न घसरणारा, असे दोघं शेजारी बसलेत. हे स्वरलेखनात उतरवायला जाल तर कागदावर फारसं काही सापडणार नाही. अशा विषयावर प्रबंध करणार असाल तर हे आधीच लक्षात ठेवा.

एवढं कौतुक केल्यावर तक्रारही सांगतो. ही रेकॉर्ड फार गंभीर आहे. लय संथ, सूर शोकाचा, एका बैठकीत पूर्ण ऐकली तर देवळात बसल्यासारखं होतं. आल्बर्ट मरी यांनी ‘स्टॉम्पिंग द ब्लूज’मध्ये १९७६ सालीच बजावलं होतं की ब्लूज हे दुःख नव्हे, दुःखाला नाचून पळवायचं संगीत आहे. आणि ते पळवण्यात सॅक्सोफोनचा वाटा मोठा. इलिनॉय जॅकेचा १९४२ चा ‘फ्लाइंग होम’मधला सोलो घ्या, लुई जॉर्डन घ्या. बिग जे मॅकनीलीचं ‘डीकन्स हॉप’ १९४९ मध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं होतं. बॉब विलोबीने १९५१ मध्ये लॉस एंजेलिसला काढलेल्या फोटोंत हा माणूस रंगमंचावर पाठीवर पडून वाजवतोय आणि समोरची पोरं वेडी झाली आहेत. हा ब्लूज शेपच्या रेकॉर्डमध्ये जवळजवळ नाहीच. संग्राहकांनी सॅक्सोफोनला बाहेर काढलं. शेपने त्याला परत आत घेतलं खरं, पण बूट दाराशी काढायला लावून. ‘पारंपरिक’ या शब्दाला त्याने वाद्याच्या बाजूने धक्का दिला, भावनेच्या बाजूने तो तसाच ठेवला. माझ्या लेखी ही या रेकॉर्डची मर्यादा आहे, आणि ती गायन-वादनाच्या दर्जाइतकीच महत्त्वाची आहे.

या विषयात पुढे जायचं असेल तर चार्ली पार्करचं ‘पार्कर्स मूड’ घ्या, १९४८ चं. संथ ब्लूज, पण त्यात शोक आहे तसा तोराही आहे. इथे कुठलंही जुनं गाणं वाजवलेलं नाही. गाणं सॅक्सोफोनमध्येच जन्मलं. पाच वर्षांनी किंग प्लेझर या गायकाने पार्करच्या त्याच सुरावटीवर शब्द बसवून ते गायलं. म्हणजे शेपच्या बरोबर उलटा प्रवास. दोन्ही ऐका, पण पार्कर आधी. प्लेझरचे शब्द एकदा कानात बसले की सॅक्सोफोन एकटा ऐकू येणं कठीण जातं.