टोपीखालचे जग : मुलांच्या चित्रांतली अळंबी

मुलाला अळंबीचे चित्र काढायला सांगा. कागदावर बहुधा लाल टोपी आणि तिच्यावर पांढरे ठिपके उमटतात. ही जात युरोपातल्या बर्च-पाइनच्या मुळांशी वाढणारी, विषारी. आपल्या मुलांकडे ती परीकथांच्या पुस्तकांतून आली. म्हणजे अळंबीचा गौरव करणारे चित्र पुष्कळदा पाहिलेल्या अळंबीचे नसते, पाहिलेल्या चित्राचे असते.

याच्या उलट उदाहरण बिॲट्रिक्स पॉटर यांचे. पीटर रॅबिटची गोष्ट प्रथम आली ती ४ सप्टेंबर १८९३ रोजी, स्कॉटलंडमधल्या डंकेल्डहून एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रात. त्याच मुक्कामात, आदल्या दिवशी, त्यांनी एका खवलेदार अळंबीचे जलरंगचित्र केले होते. चार्ल्स मॅकिंटॉश या टपालवाहक निसर्ग-अभ्यासकाने त्यांना टोपीखालच्या पात्या आणि उभा छेद दाखवायला सुचवले. पुढे १८९७ मध्ये बीजाणू कसे रुजतात यावरचा त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला. स्त्रियांना तिथे प्रवेश नसल्याने त्या स्वतः हजर नव्हत्या. त्यांची अळंबीची चित्रे १९६७ मध्ये बुरशीवरच्या एका अभ्यासग्रंथात वापरली गेली.

बालसाहित्यकार आणि अभ्यासक अशा दोन पॉटर नव्हत्या. निळे जाकीट घातलेला ससा पटतो, कारण जाकिटाच्या आतला ससा खरा आहे.

आपल्याकडचे ‘कुत्र्याची छत्री’ हे नाव एखाद्या मुलानेच ठेवावे असे आहे. त्यात रूप आले, तसा ‘लांब राहा’ हा इशाराही आला. जाणत्या माणसाशिवाय रानातली अळंबी खाऊ नये, हे खरेच; पण तेवढ्याने पाहणे थांबू नये. पावसाळ्यात कोकणातल्या वारुळावर उगवणाऱ्या अळंबीखाली अख्खी गोष्ट दडलेली असते. वाळवी आत बुरशीची शेती करते, आणि वर आलेली छत्री हे त्या शेतीचेच फळ. ही गोष्ट लिहायला परी लागत नाही.

म्हणून शालेय स्पर्धांत अशी चित्रे आणि गोष्टी तपासताना, रंग रेषेबाहेर गेला का हे पाहण्याआधी परीक्षकांनी एक प्रश्न विचारावा : टोपीखाली काय दिसले? ज्या चित्रात मातीतले तंतू वेडेवाकडे का होईना आले आहेत, ते मला सफाईदार लाल टोपीपेक्षा वरचे वाटते.