वही कोण वाचणार?

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेजवळच्या एका शाळेत मी दर शनिवारी दुपारी गणित-विज्ञान मंडळ चालवत असे. आठवी-नववीची बारा मुले येत. कोण आधी उत्तराचे पान उघडतो, कोणाला आकृती काढल्याशिवाय बोलता येत नाही, कोणाला बरोबर उत्तर सुचूनही हात वर करण्याचा धीर होत नाही, हे सारे मला पाठ झाले होते. दुसऱ्या वर्षी पालकांच्या आग्रहामुळे आणि, खरे सांगायचे तर, माझ्याही हौसेमुळे मुले साठ झाली. दिवाळीपर्यंत मी फळ्यापाशी उभी राहून व्याख्यान देऊ लागले होते. मंडळ वाढले म्हणून शाळेत कौतुक झाले. पहिल्या बारांपैकी सात जण मात्र तोवर यायचे थांबले होते. त्यांतली एक मुलगी जाताना एवढेच म्हणाली, “बाई, आता तुम्ही विचारत नाही.”

यात कोणाच्या दोषापेक्षा साध्या अंकगणिताचा वाटा मोठा होता. दीड तासाच्या बैठकीत बारा मुले असली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटे येतात, साठ असली तर दीड मिनिट. बारा मुलांत दोघादोघांच्या जोड्या ६६ होतात, साठ मुलांत १७७०. पहिल्या गटात वर्षभरात प्रत्येकाचा प्रत्येकाशी एखाद्या उदाहरणावरून वाद होऊ शकतो. दुसऱ्या गटात मुले आपापल्या ओळखीच्या तिघाचौघांत बसतात आणि बाकीचे अनोळखीच राहतात. मग बारांचे दार लावून घ्यावे काय? तसे केले तर आतले बाराही सुखी होतील, पण तेराव्याने कोठे जावे?

या पेचाशी नेटाने झगडलेला एक प्रयोग म्हणजे सोव्हिएत संघातील पत्राद्वारे चालणारी गणितशाळा. तिच्याविषयी आपल्याकडे कौतुकाने बोलले जाते. पण तिचे नेमके काय घेण्यासारखे आहे आणि काय नाही, हे तपासून पाहणे आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

तिची मुळे १९३० नंतरच्या दशकातल्या मॉस्कोत आहेत. तेथील विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी गणित मंडळे भरत आणि १९३५ साली मॉस्कोतले पहिले गणित ऑलिंपियाड झाले. मंडळांत सुरुवातीला भर असे तो व्याख्यानांवर. श्क्ल्यार्स्की या तरुण विद्यार्थ्याने ही पद्धत बदलली. तो थोडा वेळ बोलत असे आणि उरलेला वेळ मुलांनी उदाहरणे सोडवून एकमेकांना समजावण्यात जात असे. १९३८ च्या ऑलिंपियाडमध्ये निम्मी बक्षिसे त्याच्या मंडळातल्या मुलांनी मिळवली. पुढे १९४२ साली, ऐन तारुण्यात, तो युद्धात मारला गेला. पद्धत मात्र टिकली. तिला एकच मर्यादा होती. ज्याला विद्यापीठापर्यंत चालत किंवा ट्रामने येता येई, त्याच्यासाठीच ती होती.

इस्राएल गेल्फांड यांना ही मर्यादा स्वानुभवाने ठाऊक असणार. ते लहान गावातले. शालेय शिक्षण पुरे न करताच १९३० साली, सोळाव्या वर्षी, ते मॉस्कोला आले, पोटासाठी मिळतील ती कामे केली आणि १९३२ साली आंद्रेय कोल्मोगोरोव यांचे संशोधक विद्यार्थी झाले. तीस वर्षांनंतर या गुरुशिष्यांनी एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली. कोल्मोगोरोव यांच्या पुढाकाराने १९६३ साली मॉस्कोत निवासी शाळा सुरू झाली: दूरची निवडक मुले जवळ आणावीत. गेल्फांड यांच्या पुढाकाराने १९६४ साली पत्राद्वारे शाळा सुरू झाली: मुले आपल्या गावीच राहतील, शाळा त्यांच्यापर्यंत जाईल.

कामाची रीत साधी होती. मुलांना एक पुस्तिका आणि उदाहरणांचा संच टपालाने जाई. मूल सोडवलेली वही परत पाठवी. विद्यापीठातला एखादा विद्यार्थी ती तपासून, कोठे चुकले आणि पुढे काय करून पाहावे हे लिहून, परत धाडी. संख्या हजारोंत गेली, पण वही वाचणारा माणूसच राहिला. मुले वाढली तशी वाचणाऱ्यांची संख्या वाढवली गेली आणि पुढे इतर विद्यापीठांतही शाखा निघाल्या. माझ्या मते या प्रयोगाचे पहिले यश हे आहे. मी साठ मुले घेतली तेव्हा वाचणारी एकटीच राहिले होते.

दुसरे यश पुस्तिकांचे आहे. गेल्फांड, ग्लागोलेवा आणि श्नोल यांचे ‘फले आणि आलेख’ हे छोटे पुस्तक या शाळेसाठीच लिहिलेले. त्यातले एक उदाहरण वर्गात जरूर करून पाहा. य = १/(३क्ष² − १)² या फलाचा आलेख काढायचा आहे. क्ष ला ०, १, २, ३ या किमती दिल्या तर य च्या किमती १, १/४, १/१२१, १/६७६ अशा येतात. मूल हे बिंदू जोडून एक सुरेख उतरती रेषा काढते. आता क्ष ला १/२ ही किंमत द्या. य एकदम १६! बिंदूंच्या मधे आलेख आकाशाला भिडून आला होता आणि त्याचा पत्ताही लागला नव्हता. मूल कोठे फसेल हे लेखकांनी आधीच ओळखले आहे. ते त्याला फसू देतात आणि मग हलकेच थांबवतात. दूर बसलेल्या वाचकाजवळ पुस्तकाने बसायचे ते असे. (मंडळाच्या पटावरचे आकडेही या बिंदूंसारखेच असतात. जूनमध्ये बारा, पुढच्या जूनमध्ये साठ. मधे काय झाले ते त्यांत दिसत नाही.)

तिसरी कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते: ‘सामूहिक विद्यार्थी’. एखाद्या शाळेतल्या काही मुलांनी आपल्या शिक्षकाबरोबर गट करून नाव नोंदवायचे, उदाहरणे मिळून सोडवायची आणि सर्वांची मिळून एकच वही पाठवायची. केंद्राच्या दृष्टीने हा गट म्हणजे एक विद्यार्थी. अशा गटांना प्रवेशाची चाळणीही नसे. केंद्रावरचा भार एकाचा, लाभ दहाबारांचा, आणि जवळीक गावातल्या गावात, कारण एकच वही पाठवायची तर मुलांना आपसांत बोलून एकमत करावेच लागते.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष वेळेचा. चूक आज झाली आणि तिच्यावरचा शेरा काही आठवड्यांनी आला, तर तोवर मूल ती चूक विसरलेले असते. शनिवारच्या मंडळात हीच गोष्ट अर्ध्या मिनिटात होते. दुसरा, तपासणाऱ्याला गणित कळते, पण मुलाचा चेहरा दिसत नाही. कोरे सोडलेले उदाहरण आळसाने सोडले की भीतीने, हे वहीवरून कसे समजावे? तिसरा, एकेकट्याने नाव नोंदवलेल्या मुलाला केंद्र मिळे, सोबती मिळत नसत. आणि चौथा दोष खुद्द सामूहिक विद्यार्थ्याचा. एका वहीच्या आड दोन हुशार मुले लिहितात आणि बाकीची सही करतात, असे सहज घडू शकते. तेथे सारी भिस्त स्थानिक शिक्षकावर येते. जेथे असा शिक्षक नाही, तेथे ही योजना पोचतच नाही. तेव्हा पत्रशाळेने शिक्षकाची गरज कमी केली, हे म्हणणे मला पटत नाही. शिक्षकाने सर्व काही जाणणारा असावे ही अट तिने काढली आणि मुलांबरोबर बसणारा असावे ही अट ठेवली. गेल्फांड यांनी १९९२ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात पुन्हा अशीच पत्रशाळा उभारली, त्या अर्थी कल्पनेत देश आणि राजवट ओलांडण्याइतका जीव नक्कीच होता.

आपल्याला यातून घ्यायचे काय? आज टपालाची जागा मोबाइलने घेतली आहे आणि शेरा त्याच संध्याकाळी पोचू शकतो. त्यामुळे पहिला दोष जवळजवळ मिटला आहे. पण त्याच मोबाइलवर एका गटात दोनशे मुले घालणे फार सोपे झाले आहे, आणि दोनशे जणांच्या गटात बुजरे मूल तोंड उघडत नाही. म्हणून गट किती मोठा असावा, हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. त्याच्या आधी विचारावे: प्रत्येक मुलाची वही वाचणारे कोणी आहे काय? एक जण दहाबारा वह्या नीट वाचू शकतो. साठ मुले घ्यायची असतील तर पाच वाचणारे हवेत आणि मुलांचे गटही पाच हवेत. वाचणारे कोठून आणायचे? गेल्या वर्षी मंडळात येऊन गेलेली दहावी-अकरावीची मुले हे काम उत्तम करतात, आणि दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःही शिकतात. महिन्यातून एकदा पाचही गटांनी एकत्र यावे, आपले उदाहरण दुसऱ्या गटापुढे मांडावे. प्रत्येक वेळी मांडणारे मूल वेगळे असावे, म्हणजे नुसती सही करणारा लपणार नाही.

येत्या जूनमध्ये त्याच शाळेत मी पुन्हा मंडळ सुरू करणार आहे. मुख्याध्यापकांनी विचारले, “यंदा किती मुले घ्यायची?” मी त्यांना सांगितले की वह्या वाचणारे चार जण ठरले आहेत. त्यांत ती मुलगीही आहे. ती आता अकरावीत आहे. पाचवे कोणी मिळेपर्यंत अठ्ठेचाळीस.